रात्रीची गाडी पुढे नेणे : लातूर आणि बिदर

नकाशावर आगगाडीचा मार्ग वाढविणे फार सोपे असते. पेन्सिलीने रेघ पुढे ओढली की काम झाले! प्रत्यक्षात मात्र त्या रेघेमागे पुष्कळ हिशेब असतो, आणि त्यात एका गावाचा लाभ दुसऱ्या गावास जाचण्याचा संभव असतो. याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले आहे. ते येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

लातूरला रेल्वे आली ती १९११ साली. ती बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फूट रुंदीच्या रुळांवर धावणारी लहान गाडी होती. मुंबईस जाणाऱ्यास कुर्डुवाडीस उतरून मोठ्या गाडीत बसावे लागे. २००८ साली कुर्डुवाडीपर्यंतचे रूळ रुंद झाले व त्या मार्गाने मुंबईची थेट गाडी धावू लागली. रात्री निजावे आणि सकाळी मुंबईत उतरावे, ही सोय रोगी, विद्यार्थी व व्यापारी या सर्वांसच मोलाची वाटली.

पुढे २०१७ साली ही गाडी उदगीर व भालकी या मार्गाने कर्नाटकातील बिदरपर्यंत नेण्याचे रेल्वेने ठरविले. असे का करतात, ते पाहा. सकाळी पोहोचलेली गाडी रात्रीपर्यंत शेवटच्या स्थानकात उभीच असते. त्या वेळात ती आणखी काही तास पुढे जाऊन परत येऊ शकते. त्यासाठी डब्यांचा नवा संच लागत नाही. शिवाय मुंबई व पुण्याच्या दरम्यान, जेथे घाटामुळे व गर्दीमुळे नव्या गाडीस वाट मिळणे कठीण, तेथे नवी वेळ शोधावी लागत नाही. थोड्या खर्चात नव्या गावांची सोय होते, ती अशी.

परंतु गाडी लांबली म्हणून शायिका वाढत नाहीत. जुन्या धाटणीच्या शयनयान डब्यात ७२ शायिका असतात. गाडी लातुराहून निघो वा बिदरहून, त्या ७२च राहतात. बिदरहून मुंबईस निघालेल्या माणसाची शायिका लातुरात रिकामी नसते. आरक्षण नसलेल्या डब्यांची गोष्ट तर याहून बिकट. पूर्वी लातूरकर रिकाम्या डब्यात चढून जागा धरीत. आता भरून आलेल्या डब्यात त्यांनी उभे राहावे काय? तशात सकाळची गाडी उशिरा आली, तर झाडलोट व पाणी भरण्याचा वेळ कमी पडून रात्रीचे सुटणेही लांबते. सबब लातुरात मोठा विरोध झाला व आंदोलने झाली.

तथापि दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. बिदरकरांसही मुंबईत कामे असतात. एवढेच नव्हे, तर वाटेतले उदगीर हे लातूर जिल्ह्यातीलच गाव. १९५६ पूर्वी ते बिदर जिल्ह्यात होते. म्हणजे ज्यांस नव्या गाडीचा लाभ व्हावयाचा, त्यांत लातूर जिल्ह्याचेही लोक होते. मागणी दोघांचीही रास्त, आणि शायिका मात्र तेवढ्याच!

अखेर तडजोड झाली. आठवड्यातून तीन दिवस गाडी बिदरपर्यंत न्यावी व चार दिवस लातुरातूनच सोडावी, असे ठरले. कोणाचेही पूर्ण समाधान झाले नाही, पण कोणी अगदी रिक्तहस्तही राहिला नाही. खरा उपाय म्हणजे अधिक डबे व अधिक गाड्या. त्यास लांब फलाट, जादा रूळ व पैसा लागतो, आणि त्यास वर्षे जातात.

तेव्हा मुलांनो, अमुक गाडी अमुक शहरापर्यंत वाढविली असे वर्तमानपत्रात वाचाल, त्या वेळी आनंद अवश्य माना. पण घरी वडील मंडळींस एवढे विचारा, की डबे किती वाढले, आणि पूर्वीच्या शेवटच्या गावास किती जागा राखून ठेवल्या? आपल्या गावी नवी गाडी येईल त्या दिवशीही हाच प्रश्न विचारण्यास विसरू नका.