वैमानिक झाली, पुढे?

हवाई सुंदरी ३५ वर्षांची झाली, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत तिनं लग्न केलं किंवा तिला पहिल्यांदा दिवस गेले, यांतलं जे आधी घडेल तेव्हा तिची नोकरी संपायची. एअर इंडियाचा हा लेखी सेवानियम होता. त्याच विमानात काम करणारे पुरुष पर्सर ५८व्या वर्षापर्यंत नोकरीत राहत. हवाई सुंदरी नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑगस्ट १९८१मध्ये गर्भारपणाची अट रद्द झाली. चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र न्यायालयानं वाजवी ठरवली.

मुलींनी विमानक्षेत्रात यावं म्हणून आपण आज जे बोलतो, त्यात हा इतिहास फारसा येत नाही. मुलगी पहिल्यांदा कॉकपिटमध्ये बसली की हारतुरे होतात. दहा वर्षांनी ती तिथे आहे का, हे बघायला कोणी जात नाही.

पहिलेपणाचं मोल मोठं आहेच. १९४७मध्ये व्यावसायिक परवाना मिळवलेल्या प्रेम माथुर यांना आठ विमान कंपन्यांनी नकार दिला. बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी चढणार नाहीत, ही भीती. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं त्यांना घेतलं. पुढे १९४९मध्ये त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली. १९८५मध्ये कोलकात्याहून सिलचरला गेलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या फोकर विमानात सगळा कर्मचारीवर्ग महिलांचा होता. कमांडर होत्या सौदामिनी देशमुख, सहवैमानिक निवेदिता भसीन. देशमुखांचं नाव मराठी मुलींना शाळेच्या पुस्तकातूनच कळायला हवं होतं.

जगभरात विमान कंपन्यांच्या वैमानिकांत महिला जेमतेम पाच-सहा टक्के. भारतात हे प्रमाण १२ टक्क्यांच्या वर आहे. एनसीसीच्या एअर विंगनं अनेकींना विमानाची पहिली ओळख करून दिली, हे याचं एक कारण. दुसरं कारण घरात आहे. आई रात्रीच्या ड्यूटीवर असताना नातवंडाला कुशीत घेऊन झोपणारी आजी कुठल्याही धोरणात दिसत नाही, पण या टक्केवारीत तिचा मोठा वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

पण तिथवर पोहोचणं आणि टिकणं सोपं नाही. आधी प्रश्न पैशांचा. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, नागरी उड्डाण महासंचालनालयाच्या (डीजीसीए) लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि २०० तासांचं उड्डाण, एवढं झाल्यावर परवाना हाती येतो. गोंदियाजवळ बिरसीला किंवा बारामतीला हे शिक्षण मिळतं. खर्च ५० लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. विशिष्ट प्रकारचं विमान चालवण्यासाठी लागणाऱ्या टाइप रेटिंगचा खर्च वेगळा. एवढ्या कर्जाला बँक तारण मागते. मुलाच्या शिक्षणासाठी शेत गहाण टाकणारं घर मुलीच्या वेळी थबकतं, आणि ती किती हुशार आहे हा मुद्दा तिथे चालत नाही.

त्यानंतर बाळंतपण. दिवस गेल्याचं कळवलं की उड्डाण थांबतं. वैमानिकाच्या मिळकतीचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर ठरतो, त्यामुळे तोही थांबतो. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, हे फार चांगलं झालं. पण गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेले नसतील, तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. म्हणजे परतताना पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा परीक्षा, तेही तान्हं बाळ घरी ठेवून. दरम्यान बरोबरीच्या पुरुषाचे तास वाढलेले असतात, आणि कॅप्टनपदाची वाट तासांवरूनच जाते. मूल लहान असेपर्यंत महिन्यातले दोन आठवडे सुट्टीचा पर्याय इंडिगोनं वैमानिक महिलांना दिला आहे. टिकण्यासाठी लागतं ते हे. शिष्यवृत्तीच्या जाहिरातीइतकाच गाजावाजा अशा पर्यायांचाही व्हायला हवा.

२०१७च्या त्याच दुरुस्तीनं ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं केलं. पण पहाटे पाचच्या विमानासाठी गाडी दारात येते अडीच-तीनला. त्या वेळी उघडं असणारं पाळणाघर विमानतळाच्या आवारात हवं. तिथे फक्त वैमानिकांची नाही, तर हवाई वाहतूक नियंत्रकांची, देखभाल अभियंत्यांची आणि रात्रपाळीच्या सफाई कामगारांचीही मुलं झोपू शकली पाहिजेत.