उजवीकडून उघडणारे पुस्तक

पनवेलला आमच्या आळीत एका बेने इस्रायली कुटुंबाचे घर होते, आणि त्या घरच्या आजोबांनी एका शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथाचा दिवा लावण्याची वेळ व्हायची होती तेव्हा, मला त्यांचे प्रार्थनेचे पुस्तक दाखविले होते. मी ते आपल्या नेहमीच्या सवयीने उघडले तर शेवटचे पान निघाले. आजोबांनी पुस्तक हळूच फिरवून पुन्हा माझ्या हाती दिले आणि म्हणाले, “बाळ, हे उजवीकडून उघडायचं.” एका पानावर चौकोनी वळणाची हिब्रू अक्षरे होती आणि समोरच्या पानावर त्यांचा अर्थ सांगणारे स्वच्छ, भारदस्त मराठी. हिब्रूचे पान पिवळे पडले असले तरी निर्मळ होते. मराठी ओळींवरून मात्र इतक्यांनी बोट फिरवीत वाचले होते, की काही ठिकाणी शाई पुसट होऊन कागद मऊ पडला होता. “भाषांतर राजपुरकरांचं,” आजोबा म्हणाले, “ते मुंबईला मिशनच्या शाळेत शिकले.”

यहुद्याच्या उपासनेचे पुस्तक, त्याची भाषा मराठी, आणि ते लिहिणाराचे शिक्षण ख्रिस्ती शाळेत! या तीन गोष्टींचा मेळ त्या वयात मला बसला नाही. पुढे त्या शाळेचा इतिहास जसजसा वाचीत गेलो, तसतसा तो बसू लागला.

पनवेल हे त्या काळी नांदते बंदर होते. पुण्याकडे निघालेला प्रवासी मुंबईहून गलबतात बसून भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतून येथे उतरे आणि खालापूरवरून बोरघाट चढून देशावर जाई. १८३० साली घाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा ही वर्दळ आणखी वाढली. याच किनाऱ्यावरील गावांत तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले जाणारे बेने इस्रायल शतकानुशतके राहात आले होते. राजपुरकर, किहिमकर, पेणकर, पनवेलकर ही त्यांची आडनावेच गावांची नावे सांगतात. पनवेलातील त्यांचे बेथ एल हे सिनेगॉग १८४९ सालचे आहे. नोकरीचाकरीसाठी यांतील अनेक कुटुंबे मुंबईस गेली आणि त्यांची मुले तेथील शाळांत दाखल झाली.

त्या शाळांपैकी एक जॉन विल्सन यांची. स्कॉटलंडातील लॉडर या गावी १८०४ साली जन्मलेले हे धर्मोपदेशक १८२९ च्या फेब्रुवारीत पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईस उतरले, आणि उतरल्यावर त्यांनी पहिले काम कोणते केले असेल, तर बाणकोट व हर्णै येथे जाऊन कोकणच्या माणसांत बसून मराठी शिकण्याचे. परत आल्यावर मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या; त्यांची हकीकत स्वतंत्र लेखाची आहे. मुलांसाठी विल्सन यांनी १८३२ साली गिरगावच्या बाजूस आंब्रोळी येथे इंग्रजी शाळा सुरू केली. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ हे वृत्तपत्र निघाले तेही याच वर्षी, आणि एकाच शहरातल्या या दोन आरंभांची गाठ पुढे अकरा वर्षांनी कशी पडली, ते आता सांगतो.

सरकारी शाळेत धर्माचा विषय निघत नसे. विल्सन यांच्या शाळेत बायबल हा अभ्यासक्रमाचा पायाच होता, आणि ही गोष्ट त्यांनी कोणापासून लपविली नव्हती. किंबहुना शाळा निघण्यापूर्वीच मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर धर्मवाद होऊन दोन्ही बाजूंचे ग्रंथही छापून निघाले होते. तरीही हिंदू, पारशी, मुसलमान, यहुदी आणि पोर्तुगीज घराण्यांतील मुले तेथे एका छताखाली शिकू लागली. कंपनी सरकारच्या कचेरीत इंग्रजी जाणणारास मान व पगार दोन्ही मिळत, आणि पालकांचा हिशेब असा, की मुलाने इंग्रजी व भूगोल घ्यावा आणि बायबलचा तास एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यावा. या पालकांस मी भोळे म्हणणार नाही, कारण बहुतेक मुलांच्या बाबतीत त्यांचा हिशेब खराच ठरला. ज्या थोड्यांच्या बाबतीत तो चुकला, त्यांच्या पायी मात्र सारे शहर हादरले.

१८३९ च्या मे महिन्यात धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजाने सुप्रीम कोर्टात धाव घेतली. परंतु धनजीभाई समजत्या वयाचा आहे असे पाहून कोर्टाने त्याला त्याच्या इच्छेवर सोडले. शाळेतून मुलांची गळती लागली आणि भरलेले वर्ग ओस पडले. विल्सन यांनी आपला क्रम तसूभरही बदलला नाही. ही घडी पुन्हा बसते न बसते, तोच १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्या मागोमाग मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला.

श्रीपत अवघा बारा वर्षांच्या आसपासचा. बापाने फिर्याद केली, आणि मुलगा अज्ञान आहे या मुद्द्यावर न्यायमूर्ती एर्स्किन पेरी यांनी त्याला बापाच्या स्वाधीन करण्याचा हुकूम दिला. कज्जा कोर्टात संपला. पोराच्या हालांस आरंभ तेथून झाला. मिशनऱ्यांच्या पंक्तीस तो जेवला होता, तेव्हा बापाने घरी आणलेल्या मुलाला जातीने आत घ्यावयाचे कसे? शास्त्री-पंडितांत दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे, की गेला तो गेला. दुसऱ्या बाजूस जांभेकर उभे राहिले आणि प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घेतले पाहिजे असा त्यांनी आग्रह धरला. त्यापायी स्वतःवर बहिष्काराचे सावट आले तरी त्यांनी तो सोडला नाही. ज्या समाजात जाण्याची वाट होती आणि परतण्याची नव्हती, त्यात परतण्याची वाट पाडू पाहणारा हा पहिल्यांतला प्रयत्न, आणि तो एका शाळकरी पोरासाठी झाला. या प्रकरणाचे वर्णन वाचताना पक्षोपपक्षांच्या युक्तिवादांपेक्षा मला तो मुलगाच अधिक दिसतो. एकीकडे थोरला भाऊ, दुसरीकडे बाप, आणि जेवणाचे पान कोणत्या घरी मांडले जाईल याचा निर्णय परक्यांच्या हाती.

त्याच १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. विल्सन फुटून निघालेल्या फ्री चर्चकडे गेले आणि शाळेसाठी होत असलेली नवी इमारत मूळ चर्चकडे राहिल्यामुळे त्यांना दुसऱ्या जागेत नव्याने संसार मांडावा लागला. या शाळेच्याच वरच्या वर्गांतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. चौपाटीसमोरची त्याची वास्तू १८८९ ची.

शाळेत आलेल्या मुलांची यादी पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. १८६४ साली आफ्रिकेचा संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपली लहानशी आगबोट स्वतः चालवीत हिंदी महासागर ओलांडून मुंबईस आला, तेव्हा त्याच्याबरोबर गुलामगिरीतून सुटलेली चुमा व विकतानी ही दोन मुले होती. त्याने ती विल्सन यांच्या शाळेत ठेवली आणि १८६६ च्या सुमारास आफ्रिकेत परत जाताना बरोबर नेली. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावला, तेव्हा त्याचे शव महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचविणाऱ्यांचे पुढारीपण सुसी या दुसऱ्या सोबत्याच्या बरोबरीने ज्याने केले, तो हाच चुमा.

याच स्कॉटिश मिशनच्या पुण्यातील शाळेत १८४१ पासून जोतीराव फुले शिकले. मिशनऱ्यांच्या शिक्षणाचे ऋण त्यांनी मोकळ्या मनाने मानले, त्यांचा धर्म घेतला नाही, आणि जे हाती लागले त्यातून स्वतःचा मार्ग काढला. माझ्या मते या शाळांची खरी परीक्षा बाप्तिस्म्यांच्या आकड्यांवर करू नये. मुलांनी तेथून काय उचलले आणि ते कोठे नेऊन ठेवले, हे पाहावे.

बेने इस्रायलांच्या बाबतीत तर ते डोळ्यांना दिसते. धर्म टिकवूनही हिब्रू भाषा त्यांच्यातून जवळजवळ लोपली होती. ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी मुखोद्गत राहिली होती. यहुद्यांना ख्रिस्ताकडे आणावे या हेतूने विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहून छापले. त्यांच्या हेतूस यश फार थोडे आले. परंतु आपल्या प्रार्थनेची भाषा आपल्या बोलीच्या आधाराने शिकण्याचे साधन त्या समाजाच्या हाती पडले, आणि त्याने ते दोन्ही हातांनी घेतले. १८३४ साली जन्मलेले जोसेफ यहेज्केल राजपुरकर विल्सन यांच्या संस्थेत शिकले, १८५६ साली मुंबईच्या डेव्हिड ससून यांच्या यहुदी शाळेत शिक्षक झाले, पुढे तेथेच मुख्याध्यापक, आणि १८७१ साली मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक. सिनेगॉगातील उपासनेची पुस्तके त्यांनी एकामागून एक मराठीत आणली. १८७५ साली हाईम सॅम्युएल किहिमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत बेने इस्रायलांची स्वतःची शाळा निघाली, आणि त्याच वर्षाच्या १ डिसेंबरला विल्सन मुंबईतच निवर्तले.

नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्याजवळ ख्रिस्ती शेतकऱ्यांचे एक गाव वसविले आणि त्याला बायबलातील ‘बेथेल’ हे नाव दिले. पनवेलच्या सिनेगॉगाचे नावही तेच, बेथ एल, म्हणजे देवाचे घर. हे मी आजोबांना सांगायला हवे होते, परंतु मला ते कळले तेव्हा घराला कुलूप होते. आळीतल्या इतर बेने इस्रायलांप्रमाणे ते कुटुंबही इस्रायलला गेले होते, आणि सामान बांधताना आजोबांनी ते पुस्तक ट्रंकेत न टाकता हातातल्या पिशवीत घेतले, असे शेजाऱ्यांनी सांगितले.