अपघातातील दोष आणि विम्याचा दावा
दोन मोटारींची टक्कर होताच, मोठी गाडी तीच अपराधी असे गृहीत धरून रस्त्यावरच रोख रकमेवर तडजोड करवून घेण्याचा जो प्रघात पडला आहे, त्यापुढे कोणी मान तुकवू नये असे मला कळकळीने वाटते. कारण सर्वंकष विमा असल्यास स्वतःच्या गाडीची नुकसानभरपाई दोष कोणाचा यावर सहसा अवलंबून नसते. मनुष्यास गंभीर दुखापत वा मृत्यू ओढवल्यास, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ अन्वये दोष सिद्ध न करताही अनुक्रमे अडीच लाख व पाच लाख रुपये मिळण्याची तजवीज आहे, ही बाब फार थोड्यांना ठाऊक असते. तेव्हा छायाचित्रे घ्या, पंचनामा करवून घ्या, कंपनीस तत्काळ वर्दी द्या आणि सर्व्हेअरच्या पाहणीपूर्वी दुरुस्ती आरंभू नका.