बंद कुपी खरोखरच बंद असते का?

नागपुरात सदरमधल्या औषधाच्या दुकानातून आणलेली इंजेक्शनची कुपी पाहा. रबरी बूच आणि त्यावर आवळलेली अ‍ॅल्युमिनियमची टोपी दिसली, की कुपी बंद आहे असे आपण गृहीत धरतो. पण कित्येक जीवाणू जेमतेम एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढेच असतात. काच व बूच यांच्यातली दहा मायक्रॉनची फट आपल्याला दिसत नाही. जीवाणूला मात्र ती पुरेशी असते.

या प्रश्नाचे गांभीर्य १९०२ साली दिसून आले. ३० ऑक्टोबरला पंजाबातील मुल्कोवाल येथे १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. त्यांतील १९ जण धनुर्वाताने दगावले. या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती, आणि ती मुंबईत परळला, डॉ. वाल्डेमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत भरलेली होती. धनुर्वाताचे बीजाणू बाटलीत केव्हा शिरले? भरताना, मधल्या काळात बुचातून, की बूच काढताना? ठपका प्रयोगशाळेवर आला व हाफकिन यांना पद सोडावे लागले. मात्र बूच काढताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. त्यांचेच नाव १९२५ मध्ये त्या संस्थेला देण्यात आले.

काही कुप्या उघडून औषध निर्जंतुक आहे का हे तपासता येते. पण उरलेल्या कुप्यांचे बूच पक्के आहे, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून बुचाचीच वेगळी परीक्षा घ्यावी लागते.

जुनी पद्धत रंगाची. कुपी मिथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवून वरची हवा काढून घेतात. फट असल्यास कुपीतली हवा बाहेर पडते. दाब पूर्ववत केला की निळे द्रावण आत खेचले जाते. यात निकाल बव्हंशी पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो, शिवाय तपासलेली कुपी वाया जाते. दुसऱ्या पद्धतीत कुपी छोट्या पेटीत ठेवून पेटी निर्वात करतात. पंप बंद केल्यावर पेटीतला दाब अपेक्षेपेक्षा अधिक वाढला, तर कुपी गळते आहे असे समजावे. येथे कुपी शाबूत राहते. याहून सूक्ष्म फटींसाठी कुपीत हेलियम भरून बाहेर झिरपणारा वायू मोजतात. हवेत हेलियम दहा लाखांत सुमारे पाचच भाग असल्याने अल्पशी गळतीही उघड होते. अमेरिकी औषधकोशाने २०१६ पासून अशा मोजमापाच्या पद्धतींना पसंती दिली आहे.

बुचाला ताण कसला पडतो? फ्रिजमधली ५ अंश सेल्सियसची कुपी नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांवर गेली, तर तिच्यातील हवेचा दाब सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. पुन्हा थंड होताना तो उतरतो, आणि फट असेल तर बाहेरचे आत ओढले जाते.

हे वर्गात दाखवता येईल. दोन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीच्या टोपणात दोरा अडकवून दोन्हींची टोपणे घट्ट लावा. हाताला सोसवेल इतक्या गरम, निळीच्या पाण्यात त्या पूर्ण बुडवून ठेवा. दोरा असलेल्या बाटलीतून बुडबुडे येतील. पाणी गार होईपर्यंत बाटल्या तशाच राहू द्या. नंतर बाहेर काढून पुसा आणि कोणत्या बाटलीच्या आत निळे पाणी गेले आहे, ते विद्यार्थ्यांनाच पाहू द्या.