हिरवं पाणी जितकं गडद, तितकं विषारी?

तळ्यावर हिरवा तवंग आला की एकच स्पष्टीकरण ऐकू येतं. पाण्यात खतं आणि सांडपाणी उतरलं, शेवाळ माजलं, म्हणून विष झालं. उपायही ठरलेला: स्फुरद रोखा, विष आपोआप थांबेल. हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच ते इतकं चिवट आहे. कितीही वेळा खोडलं तरी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा समोर येतं.

पाण्यात सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नील-हरित शेवाळ, किती वाढतं हा एक प्रश्न. त्यातली एकेक पेशी किती विष बनवते हा दुसरा. ऊस दणकून आला म्हणजे साखरेचा उतारा चांगला मिळेलच असं नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही ऊस उत्पादकाला ठाऊक असतं. तळ्याच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसंही टनेज आणि उतारा यांची सर्रास गल्लत करतात.

आधी खरा अर्धा भाग. १९७३ साली कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी ‘लेक २२६’ हे छोटं तळं मधोमध पडदा लावून दुभागलं. एका भागात कार्बन आणि नत्र सोडलं, दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि स्फुरद. स्फुरद मिळालेला भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. आकाशातून टिपलेलं ते छायाचित्र जगभर गेलं आणि डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर निर्बंध आणण्यात त्याचा मोठा वाटा होता. प्रयोग चोख होता. पण त्याने उत्तर दिलं ते शेवाळाच्या वाढीचं, विषाचं नव्हे. मायक्रोसिस्टिन या यकृतावर घाला घालणाऱ्या विषाची रचना उलगडायलाच १९८०चं दशक उजाडावं लागलं.

ती रचना नीट पाहिली तर अर्धा गैरसमज तिथेच गळून पडतो. मायक्रोसिस्टिन म्हणजे सात अमिनो आम्लांचं कडं. त्यातल्या दोन जागा बदलत्या असतात आणि त्यांवरून त्याच्या प्रकारांना नावं मिळतात. सर्वांत चर्चेतल्या ‘एलआर’ प्रकाराच्या एका रेणूत नत्राचे १० अणू असतात. एका बदलत्या जागी आर्जिनिनऐवजी ॲलानिन आलं की ७ उरतात, दोन्ही जागी आर्जिनिन आलं की १३ होतात. स्फुरदाचा अणू मात्र एकाही प्रकारात नाही. म्हणजे हे विष बनवणं हा पेशीसाठी नत्राचा मोठा खर्च आहे. तवंगात सर्रास सापडणारा मायक्रोसिस्टिस हा सायनोबॅक्टेरिया हवेतला नत्र बांधू शकत नाही. त्याला तो पाण्यातूनच, नायट्रेट, अमोनियम किंवा युरियाच्या रूपात, मिळवावा लागतो. नत्र आटला की खर्चाला कात्री लागते.

हा नुसता तर्क नाही. व्हॅन डी वाल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘इकॉलॉजी लेटर्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नत्र आणि कार्बन मुबलक मिळाल्यावर मायक्रोसिस्टिसने नेमका नत्राने भरलेला, दुहेरी आर्जिनिनचा प्रकार वाढवला. नत्राच्या उपलब्धतेबरोबर पेशीमागे विषाचं प्रमाण वाढतं, हे नंतरच्या अभ्यासांतही दिसलं.

आणि प्रत्यक्ष तळ्यात? अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या एरी सरोवरातल्या शेवाळाच्या बहराची तीव्रता अमेरिकेची ‘नोआ’ ही संस्था दरवर्षी निर्देशांकात मांडते. २०११ ला १०, २०१५ ला १०.५, २०१४ ला ६.५. बहराच्या आकारावरच विष ठरत असतं, तर संकट २०११ किंवा २०१५ मध्ये यायला हवं होतं. ते आलं मधल्या, तुलनेने सौम्य वर्षी. ऑगस्ट २०१४ मध्ये एरीचं पाणी पिणाऱ्या टोलेडो शहरातल्या सुमारे चार लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं, कारण शुद्ध केलेल्या पाण्यातही मायक्रोसिस्टिन लिटरला १ मायक्रोग्रॅम या मर्यादेपलीकडे गेलं होतं. वाऱ्याने तवंग शहराच्या पाणी उचलण्याच्या जागेकडे लोटला, हेही कारण होतंच. पण नुसतं पाण्याच्या रंगाकडे बघून धोका जोखणाऱ्यांनी हे तीन आकडे जवळ ठेवावेत.

यावरून ‘मग स्फुरद सोडा, नत्र धरा’ अशी उडी मारणारेही भेटतात. तेही चूक. स्फुरद कमी केल्याशिवाय तवंग आवरणार नाही. आणि एकटा नत्र तोडला, तर हवेतला नत्र बांधणाऱ्या दुसऱ्या जातींना रान मोकळं मिळू शकतं. वाद आहे तो एकटं स्फुरदच कमी करण्याबद्दल. २०२२ मध्ये ‘सायन्स’मधल्या एका गणिती प्रतिमानाने असं भाकीत केलं की, एरीत एकटं स्फुरद घटवलं तर पेशी कमी होतील, पण उरलेल्यांना प्रकाश आणि नत्र जास्त मिळून विष वाढू शकेल. त्यावर त्याच नियतकालिकात इतर संशोधकांनी कडक आक्षेप घेतले. भाकिताबद्दल मतभेद आहेत, पण दोन्ही पोषकद्रव्यांवर एकत्र लगाम हवा, या मताकडे बरेच तज्ज्ञ वळले आहेत.

शिवाय प्रत्येक मायक्रोसिस्टिस विषारी नसतोच. विष बनवणारा जनुकसमूह काही वाणांत असतो, काहींत नसतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे नजरेने निदान करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. पाण्याला मातकट वास नाही म्हणजे ते सुरक्षित आहे: नाही, तो वास वेगळ्याच पदार्थांचा असतो. शेवाळ हे विष मासे किंवा माणसं मारण्यासाठी बनवतं: मायक्रोसिस्टिनची जनुकं प्राणी उपजण्याआधीची आहेत, असं २००४ मधल्या एका अभ्यासात दिसलं. पाणी उकळलं की झालं: उकळल्याने हे विष नष्ट होत नाही, पाणी आटून ते उलट दाट होतं, म्हणूनच टोलेडोत उकळू नका असं सांगितलं गेलं.

आणि मोरचूद. शेततळं हिरवं झालं की मोरचूद टाका, हा सल्ला हमखास मिळतो. शेवाळ मरतं, पण पेशी फुटून आतलं विष एकदम पाण्यात उतरतं. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर पिण्याच्या पाण्याच्या धरणात असाच उपाय केल्यानंतर काही दिवसांत १४८ जण आजारी पडले, त्यांत बहुतेक लहान मुलं होती. तवंग असलेल्या तळ्यावर जनावरं पाण्याला नेऊ नयेत, आणि नुकतंच मोरचूद टाकलेल्या तळ्यावर तर मुळीच नेऊ नयेत.