मोहाखालचा दिवस

पहाटे चार. शिरपूरच्या उत्तरेला सातपुडा जिथे चढायला लागतो, तिथल्या पावरा आदिवासींच्या वस्तीत मार्च-एप्रिलचा दिवस झाड ठरवतं. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि उजाडेपर्यंत गळतात. जाग यायला उशीर झाला तर गुरं, रानडुकरं, माकडं आधी पोचतात. जंगल दाट असेल तिथे अस्वलही. पावऱ्यांची घरं एकमेकांना चिकटून नसतात, ज्याच्या-त्याच्या शेतात असतात. त्यामुळे अंधारात टेकडीभर बॅटऱ्या सुट्या-सुट्या हलताना दिसतात. आजी आधी उठते, मग सून, मग पोरं. कुठल्या घराने कुठल्या मोहाखाली वेचायचं हे पिढ्यांपासून ठरलेलं आहे. ते कागदावर नसलं, तरी दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी टोपली ठेवत नाही.

साडेपाच. फुलं फिकट पिवळी, मांसल, आतून पोकळ, द्राक्षाच्या मण्याएवढी. एकेक उचलायची. वाकून, उकिडवं बसून, पुन्हा वाकून. "पोरी, पाय बघून टाक," आजी सारखी बजावते. पायाखाली आलेलं फूल चिकट होतं आणि वाळताना काळं पडतं. मोहाच्या दारूचं नाव निघालं की भट्टी, धूर आणि पोलीस आठवतात. ही कंबर मोडणारी वेचणी कुणाला आठवत नाही, आणि या धंद्यातलं बरंचसं कष्टाचं काम तेवढंच आहे. वेचणं सोपं व्हावं म्हणून हंगामाआधी झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. त्यातून वणवे लागतात, रोपं जळतात. झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी बांधली तर आगीची गरज उरत नाही. मला हा उपाय साधा आणि चांगला वाटतो, पण जाळीला पैसे पडतात आणि काडी फुकट असते.

नऊ. टोपल्या घरी येतात. शेणाने सारवलेल्या खळ्यावर फुलं पातळ पसरतात. ऊन चढत असतं, त्यामुळे चहा-भाकरी उभ्या-उभ्याच. फूल तीन-चार दिवस वाळतं आणि तांबूस, मनुकेसारखं होतं. वजन उतरून चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतं. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते. त्यामुळे ते भाकरीत जातं, लाडवात जातं, भाजून पोरांच्या खिशात जातं. झाड तेवढ्यावर थांबत नाही. फुलांमागून पावसाच्या तोंडावर फळं येतात आणि त्यांच्या बियांचं तेल निघतं. एकाच झाडाची दोन पिकं.

दुपारी बारा ते तीन लिहिण्यासारखं काही घडत नाही. एप्रिलचा खानदेश आहे; माणसं, कोंबड्या, कुत्री, सगळी सावलीत. एकदाच कुणीतरी उठून फुलं खालीवर करून येतं.

साडेतीन. आता माठाकडे. कुणाच्या घरचा ते विचारू नये. गेल्या हंगामाची वाळलेली फुलं पाण्यात भिजवलेली आहेत, सोबत गुळाचा खडा. वेगळं यीस्ट आणावं लागत नाही. फुलावर रानातलं असतंच, शिवाय मागच्या खेपेचा थोडा गाळ नव्या पाण्यात घालतात. या उन्हात चार-पाच दिवसांत काम होतं, थंडीत आठवडा उलटतो. आजी झाकण उचलून कान देते. बुडबुड्यांचा आवाज दाट असेल तर अजून साखर बाकी आहे. वरचा फेस बसला, फुलं खाली गेली, गोडपणा मोडून आंबूस वास आला की तयार. पोलिसांच्या पंचनाम्यात यालाच सडवा म्हणतात. मग तो मडक्यात उकळायचा, वाफ थंड पाण्याच्या भांड्याखाली अडवायची, वरचं पाणी तापलं की बदलायचं. सुरुवातीला उतरते ती पहिल्या धारेची, तेज. पुढे धार मवाळ होत जाते. पहिले थेंब जमिनीवर, देवाच्या नावाने. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात जी प्यायली जाते, तीही मागच्या वर्षीच्या फुलांचीच असते. तोवर नवा मोह नुकता कुठे कळ्यांत असतो.

ज्यांना हे मागासलेलं वाटतं त्यांनी नाशिकला बघावं. तिथे सेराना मीड्स मधात जांभूळ आंबवून बाटल्या भरतं. पुण्यात मूनशाइन मीडरीही मधाचीच पेयं, म्हणजे मीड, करते. नुसत्या मधात यीस्टला पोसणारं नत्र फार थोडं असतं, म्हणून मीड करणारे त्याला वरून खाऊ देतात. जांभळासारखं फळ घातलं तर आंबटपणा, तुरटपणा आणि रंगही मिळतो. मोहाच्या फुलात साखर आणि यीस्ट दोन्ही एकत्रच येतात. आजीला कुणी आंबवण्याचं शास्त्र शिकवलेलं नाही, पण साखर संपली की नाही हे ती कानाने सांगते आणि मीडरीतला माणूस काचेच्या उपकरणाने. फरक परवान्याचा. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याने घरी दारू गाळणं गुन्हा आहे. 2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची, नेण्या-विकण्यावरची बंधनं काढली. गाळण्याचं मात्र तसं नाही. मुंबई-आग्रा रस्त्याने पळासनेर ओलांडून बिजासनचा घाट चढला की मध्य प्रदेश लागतो. तिथल्या सरकारने हीच दारू 'हेरिटेज' म्हणून बाटलीत भरायचं धोरण आणलं, तेही आदिवासींच्या बचत गटांकडून. डोंगराच्या दोन्ही अंगांना झाड तेच, नातलगही बरेचसे तेच.

गुन्हा म्हटलं की विषारी दारूची गोष्ट निघते. 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं मेली, ती मिथेनॉलने. कारखान्यात वापरायचं रसायन दारू म्हणून विकलं गेलं होतं. मोहाच्या माठाशी त्याचा संबंध नाही. तरी मोहाची धार निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. घरातला बाप रोज प्यायला लागला की आजीलाच ती नकोशी होते, आणि ते ती चारचौघांत बोलूनही दाखवते.

सहा. व्यापाऱ्याची गाडी. वजनकाटा त्याचा, भावही त्याचा. पोत्यात हात घालून तो मूठभर फुलं दाबून बघतो आणि विचारतो, "पुरं वाळेल शे ना?" ओलं असलं तर पोत्यात बुरशी धरते, हे त्यालाही माहीत आहे आणि आजीलाही, तरी दोघं दरवेळी तेच बोलतात. हंगामात सगळ्यांकडे फूल असतं, म्हणून भाव पडलेला. पावसाळ्यात घरातलं संपतं, तेव्हा तेच फूल दुकानातून चढ्या भावाने परत घ्यावं लागतं. हा उलटा व्यवहार मोडायचा तर घरात साठवायला कोरडी जागा लागते आणि मधल्या तीन महिन्यांत हातात रोकड लागते. बहुतेक घरांत दोन्ही नसतं.

आठ. जेवणात भाकरी, उडदाची डाळ, मिरची. सून म्हणते, उद्या सगळी पोती देऊन टाकू, किराणा उधार आहे. आजी म्हणते, दोन ठेव, आषाढात लागतील. वाद चालू राहतो. मधेच पोरगा विचारतो की उद्या नाल्याकडच्या झाडाखाली कोण जाणार; तिथे परवा अस्वलाची विष्ठा दिसली होती. शेवटी ठरतं की बाप बरोबर जाईल, कुऱ्हाड घेऊन, आणि दोनऐवजी एक पोतं राहील.