पिवळी रेघ

बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या पेडणे-डिचोलीतला एखादा तरी पालक विचारतो, "मुलीला ताऱ्यांचं शिकायचंय. ती पदवी कुठे मिळते?" त्याला महाविद्यालयांची नावं सांगण्याआधी मी एका रेघेची गोष्ट सांगतो.

१८ ऑगस्ट १८६८. खग्रास सूर्यग्रहणाची सावली समुद्रावरून आपल्या शेजारच्या कोकणपट्टीवर आली आणि विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टणम करत पूर्वेला निघून गेली. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल आणि गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून तयार होते. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांचा प्रकाश लोलकातून गेला आणि काळोखात झळझळीत सुट्या रेघा उमटल्या. म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या होत्या. त्या रेघांत एक पिवळी होती. सोडियमची रेघ जवळजवळ त्याच ठिकाणी असते, म्हणून ही तीच असावी असं वाटणं स्वाभाविक होतं.

विजयदुर्गावर आजही 'साहेबाचा कट्टा' दाखवतात आणि इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने हेलियम तिथूनच शोधला असं सांगतात. आपल्या मातीचा अभिमान मला कळतो, पण मुलांना खरं सांगायला हवं. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, ती रेघ पाहिली आणि ती सोडियमच्या जागेवर नाही हे ओळखलं. सोडियमच्या दोन रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. जवळच्या रेघेशी फरक दीड नॅनोमीटरचाही नाही. तेवढ्या फरकातून हेलियम हे नवं मूलद्रव्य हाती आलं. पृथ्वीवर ते रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेला सापडलं १८९५ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी.

बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलांना सोडियमचा हाच पिवळा दिवा भेटतो. अंधारी खोली, वर्णपटमापक, ग्रेटिंग आणि व्हर्नियरवर डोळे बारीक करून वाचलेले कोन. पुष्कळांना तो जर्नल भरण्यापुरता प्रयोग वाटतो. मला तो खगोलभौतिकीचा पहिला धडा वाटतो.

म्हणून पालकांना माझं उत्तर असं, की भौतिकशास्त्र घ्या आणि गणित सोडू नका. 'खगोलशास्त्र' असं नाव असलेली पहिली पदवी देशात मोजक्याच ठिकाणी मिळते, आणि तिच्या नावासाठी घरदार गहाण टाकायची गरज नाही. जयंत नारळीकरांनी १९५७ मध्ये बनारसहून बी.एस्सी. केली आणि केंब्रिजला गेले ते गणिताच्या ट्रायपॉससाठी. तारे त्यानंतर आले. १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली ती त्यांच्याच हातून.

डिचोली तालुक्यातल्या मुलांना सांखळीचं शासकीय महाविद्यालय जवळ आहे, तिथे विज्ञान शाखा आहे. पेडण्यात विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचं महाविद्यालय आहे, पण ते कला-वाणिज्याचं. विज्ञानासाठी म्हापशाची बस धरावी लागते. बारावीनंतर थेट बाहेर पडायचं तर पुण्याची आयसर आहे, तिरुवनंतपुरमची आयआयएसटी आहे. आयआयएसटीत इंजिनिअरिंग फिजिक्सच्या दुहेरी पदवीतून खगोलशास्त्राकडे वळता येतं. गोव्यातच बी.एस्सी. केली तर पुढे जॅम ही प्रवेशपरीक्षा, मग एम.एस्सी., मग पीएच.डी.साठी जेस्ट किंवा आयुका-एनसीआरएची प्रवेशपरीक्षा. वाट लांब आहे. संशोधनातल्या जागा थोड्या आहेत, हे पालकांपासून लपवू नये. पण पीएच.डी.ला विद्यावृत्ती मिळते, आणि वाटेत शिकलेलं प्रोग्रॅमिंग नि सांख्यिकी पोटाला उपाशी ठेवत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याला फुकट मिळाली आहे. पेडणे पंधरा-सोळा अक्षांशांवर असल्यामुळे मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास त्रिशंकू दक्षिणेला, क्षितिजावर अकरा ते सतरा अंशांच्या पट्ट्यात उभा दिसतो. केंब्रिजच्या आकाशात तो कधीच उगवत नाही. पण मांद्र्याच्या वाळूवरून दक्षिणेला पाहावं तर बार्देशच्या किनाऱ्यावरचे दिवे, आणि पाठीमागे आता मोपाच्या विमानतळाचा उजेड. इतक्या खाली असलेलं तारकामंडळ त्या उजेडात सगळ्यात आधी बुडतं. याचं मला मनापासून दुःख होतं. दुर्बिणीतून पाहायचं असेल तर पणजीत खगोलमित्र आहेत, मुलांना एकदा तरी त्यांच्याकडे न्यावं.

मृग लागला की आकाश मिटतं ते थेट दसऱ्यापर्यंत. नेमकं तेव्हाच महाविद्यालयाचं वर्ष सुरू होतं. पण जुन्नर तालुक्यात खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत, आणि त्या ज्या रेडिओलहरी टिपतात त्यांना ढगांची अडचण नसते. तिथली निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात. बाहेर नदी फुगलेली असताना सांखळीच्या एखाद्या खोलीत, वीज टिकली तर, एखादी मुलगी ती उतरवून घेऊ शकते.